उलटं बसवलेलं हँडल

मित्रांनो, मी एक शर्यतीची सायकल आहे. लाल रंगाची, अंगानं हलकी आणि जरा तोऱ्यातली. शाहूपुरीतल्या दुकानात माझ्या शेजारी लांब पल्ल्याची सायकल उभी असे. तिच्या फ्रेमची मान उंच, हँडल वर, दोन चाकांत अंतर जास्त. त्यामुळे तिच्यावर बसणारा जरा ताठ बसतो आणि ती उतारालाही शांत चालते. माझी मान आखूड, हँडल खाली, चाकं जवळ. माझ्यावर वाकून बसावं लागतं, पण मी वारा कापते आणि जराशा इशाऱ्यावर वळते.

पन्नाशीचे अमरसिंह आले, तेव्हा दुकानदारानं तिलाच पुढे आणलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्याची सायकल दावतोस व्हय? पळणारी काढ की."

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

ते मलाच घरी घेऊन गेले आणि वाकून वाकून आठवड्याभरात त्यांची पाठ धरली. मग पेठ वडगावचे त्यांचे मेहुणे जोतीराम पाना घेऊन आले. "हँडल उलटं करू की दाजी. आमच्याकडं समदे असंच करत्यात."

हँडलाची वाकडी टोकं वर गेली. अमरसिंह ताठ बसले, खूश झाले. पण ब्रेक हातापासून लांब गेले आणि पुढच्या चाकावरचं वजन मागे सरकून त्याची पकड सैल झाली. फ्रेम तर तीच होती. हँडल फिरवून मी माझी शेजारीण कशी होणार? हे सगळं मला कळत होतं, पण सांगायला माझ्याकडे साधी घंटीसुद्धा नव्हती.

पन्हाळ्याच्या उतारावर वळण आलं. त्यांचा हात ब्रेक शोधत राहिला. मी थरथरले आणि आडवी झाले. त्यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. टायर बारीक म्हणून सायकल घसरली, असं घरात सगळ्यांनी ठरवलं. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

आज त्यांची मुलगी राजनंदिनी माझ्यावर बसून बघत होती. सडपातळ, लवचिक पोर, अगदी माझ्या मापाची. तिनं पाना उचलला. "पप्पा, हे हँडल सरळ करू?"

गळ्यात हात बांधलेले अमरसिंह कळवळून म्हणाले, "नगं बाळा. वाकून पाठ मोडंल तुझी. नवी टायरं घातल्यात, आता भ्या न्हाय."

तिनं वडिलांचा शब्द मानला आणि पाना खाली ठेवला.

मित्रांनो, सायकल घेताना रंग आणि तोरा पाहू नका. आपली पाठ कुठवर वाकते ते पाहा, हात ब्रेकवर पोचतो का ते पाहा. घरच्यांना माझं ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. उद्या सकाळी राजनंदिनी मला घेऊन पन्हाळ्याला निघणार आहे. वाटेत उलट्या हँडलाची लाल सायकल दिसली, तर तिला चढावरच थांबवा. उतार लागायच्या आधी.