पट्टीमास्तरांची मुलगी

फौजेत मला सगळे पट्टीमास्तर म्हणत. सव्वीस वर्षं मी जवानांना जखमा बांधायला शिकवलं आणि माझ्या हातची गाठ सुटली, असं एकानंही कधी सांगितलं नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण आमच्या घरात माझं कौतुक करायची पद्धत नाही.

मुलगी माझ्याच वाटेनं गेली. आघाडीवर जखमींना पहिली मलमपट्टी करायचं काम तिनं घेतलं. गेल्या सुट्टीत जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुमचं ते पट्टा सैल करायचं आता बंद झालंय."

हातापायातून रक्ताची धार लागली, की जखमेच्या वर पट्टा आवळतात. तो दर पंधरा मिनिटांनी क्षणभर सैल करायचा, नाहीतर खालचा पाय मरतो, हे मी शेकडो पोरांच्या डोक्यात बसवलं होतं. ती म्हणे, सैल केला तर माणूसच हातचा जातो. आवळायचा, कपाळावर वेळ लिहायची आणि डॉक्टरच्या ताब्यात देईपर्यंत हात लावायचा नाही. माझं डोकं सटकलं. "कालची पोर तू, मला शिकवतेस?" म्हणत मी ताटावरून उठलो. ती परत निघाली तेव्हा तिला निरोप द्यायला दारापर्यंतसुद्धा गेलो नाही.

दोन महिन्यांनी लष्करी इस्पितळातून फोन आला. माझा जुना शिष्य, मिशीवाला सार्जंट, मांडीला जबर जखम होऊन तिथे पडला होता आणि त्याला मला भेटायचं होतं. जागेवर पट्टा माझ्या मुलीनं बांधला होता. पाय राहिला की गेला, हे फोनवरच्या माणसाला ठाऊक नव्हतं.

बसमध्ये तीन तास मी त्याच्या पायाचाच विचार करत होतो. पाय गेला असेल, तर मास्तर, तुमच्या पोरीनं माझं वाटोळं केलं, असं तो तोंडावर म्हणणार. वॉर्डात शिरल्यावर मी सार्जंटच्या मिशांकडेही पाहिलं नाही, आधी चादरीकडे पाहिलं. खाली दोन पाय होते.

"नीट मोजून घ्या," सार्जंट म्हणाला. "मास्तर, तुमच्या पोरीची तक्रार करायचीय."

"काय केलं तिनं?"

"वरून मारा चालू आणि मी खंदकात आडवा. हिनं जांघेत गुडघा रोवला, पट्टा आवळला, कपाळावर वेळ लिहिली. पंधरा मिनिटं झाली तसा मी म्हणालो, सैल कर. नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं, तुझ्या बापानंच शिकवलंय मला, हुकूम आहे माझा! तर म्हणते, 'बाबांचा नियम आता चालत नाही, साहेब.' मग मीच हात घातला पट्ट्याला. हिनं माझी दोन्ही मनगटं बँडेजनं बांधून टाकली! गाठ तुमचीच. दातांनीसुद्धा सुटली नाही."

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई पाय तपासायला आल्या. 'त्याच पोरीचे वडील,' अशी सार्जंटनं माझी ओळख करून दिली.

"एक तास वीस मिनिटं पट्टा होता," त्या म्हणाल्या. "एकदा जरी सैल केला असता, तरी हे इथवर पोचले नसते. तेवढं रक्तच उरलं नव्हतं अंगात."

मी स्वतःच्या हातानं सैल केलेले पट्टे मला आठवले. त्यातली काही पोरं वाटेतच गेली होती, आणि दरवेळी मी जखमेला दोष देऊन मोकळा झालो होतो. मी स्टूल ओढून बसलो.

"तिला तुम्हीच शिकवलंत ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "फार छान तयार केलंत हो."

सार्जंट गप्प राहिला. एवढा बोलका माणूस, पण माझी लाज राखायला त्यानं तोंड मिटून घेतलं होतं.

"नाही," मी म्हणालो. कवायतीच्या मैदानावरचा माझा आवाज आपोआप बाहेर पडला आणि सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "मी शिकवलं ते चूक होतं. तिनं बापाचं ऐकलं नाही, म्हणून हा जिवंत आहे. माझी मुलगी आहे ती!"