पायाखालचा माणूस

मामांनी संग्रहालयाला एका तांत्रिक बौद्ध देवतेची, सोन्याचा मुलामा दिलेली ब्राँझची मूर्ती भेट दिली. तिथे मूर्तींची माहिती लिहिणारी त्यांची सख्खी भाचीच होती.

"हा देव एवढा चिडलाय का गं?" मामांनी विचारलं.

"आपल्या अज्ञानावर चिडलाय, मामा. हातातला सुरा मोह कापतो. आणि पायाखाली माणूस पालथा पडलाय ना, तो आपला अहंकार."

"वा! लोकांना हे कळायलाच हवं," मामा गहिवरले. "आणि माझं नाव मोठ्या अक्षरांत हवं हं!"

भाचीने नावाची पाटी भिंतीवर लावू म्हटलं. मामांना ते कमीपणाचं वाटलं. त्यांनी हट्टाने ती चौथऱ्यावर, त्या पालथ्या माणसाच्या बरोबर खाली बसवून घेतली.

उद्घाटनाला आलेल्या एका बाईने वाकून पाटी वाचली. "अहो, देवाने ज्याला तुडवलंय, त्याचं नावसुद्धा दिलंय."

"फार माजला असेल," नवरा म्हणाला.

भाचीने ते ऐकलं. मामा मात्र दाराशी उभे राहून हार स्वीकारत होते.

"बघितलंस?" ते नंतर तिला म्हणाले. "जो तो माझ्या नावापुढे वाकतोय!"

"हो ना, मामा," भाची म्हणाली. एवढ्या सुखी माणसाला खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं.