खंडेनवमीला उघडलेली मशीन

आमच्या पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये खंडेनवमीला सगळ्या मशिनी उघडतात. पट्टे काढायचे, तेलपाणी करायचं, हळदीकुंकू वाहायचं आणि दसरा सरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा तिथला नेम. अठ्ठ्याऐंशी साली ऑफिसात कम्प्युटर आला, तेव्हा मॅनेजर गुणवंतराव मला म्हणाले, "हेबी मशीनच हाये बाई. उघडा, साफ करा अन् पाटावर मांडा."

कम्प्युटर म्हणजे सरकी काढायचं यंत्र नव्हे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. पण मी पडले टेम्पररी ऑपरेटर. सहा महिने भरत आले होते आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या एका सहीवर होतं. त्यात मी बौद्ध मोहल्ल्यातली. इतरांच्या दहा चुका पोटात घालणारं ऑफिस माझी एक घालणार नाही, एवढं मला कळत होतं.

झाकण काढलं. आत रुईची तुसं साचली होती, ती ब्रशनं झाडली. सगळी कार्डं काढून पाटावर मांडली. मेन बोर्ड तेवढा डब्याच्या तळाशी स्क्रूनं बसवलेला राहू दिला आणि त्याला कोणी हात लावू नका म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी दसरा. दरवर्षीसारखी मी आईबाबांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेले.

परत आल्यावर सकाळीच सगळं जोडलं. बटण दाबलं. मागचा पंखा जरासा हलला आणि थांबला. पडदा काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

बाहेर कापसाच्या बैलबंड्या रांगेनं लागल्या होत्या. कोणाची बंडी कधी मोजायची, ती यादी संध्याकाळपर्यंत छापून हवी होती. गुणवंतराव माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"काय करून ठेवलं बाई?"

"पाहून राहिली, साहेब."

"आपण इथं पूजा करतो अन् ह्या चालल्या नागपूरले. मशीन तरी काय करन?" हे ते मला नाही, भिंतीला म्हणाले, पण सगळ्या ऑफिसनं ऐकलं. मी राग गिळला. राग काय, माझ्याकडे पुष्कळ होता. नोकरी एकच होती.

स्टॅबिलायझरचा काटा पाहिला, ठीक होता. वायर बदलली. मग एकेक कार्ड काढून बटण दाबत गेले. शेवटचं कार्ड निघालं तरी पंखा तसाच, हलायचा आणि थांबायचा. मेन बोर्डाला जाणारा सप्लाय काढून नुसता फ्लॉपीचा जोडून पाहिला, तर पंखा भरभर फिरला. म्हणजे सप्लाय चांगला होता आणि खोट बोर्डाशीच होती. बोर्ड जळाला असेल तर तो मीच जाळला, असंच होणार होतं.

स्क्रू काढून बोर्ड उचलला. खाली तांब्याचा पत्रा होता. दोन बोटांएवढा, पातळ, वर खिळ्यानं ओढलेल्या रेघा आणि शेंदूर. बोर्डाच्या उलट्या बाजूच्या सोल्डरच्या टाक्यांना तो टेकला होता आणि सगळं शॉर्ट करत होता.

तेवढ्यात म्हातारा शिपाई भिवाजी चहा घेऊन आला. पत्रा पाहून त्यानं कप टेबलावर ठेवला.

"काका, हे काय हाये?"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं. "साहेबानं सरकवलं, पोरी. नवमीच्या संध्याकाळी. म्या बॅटरी धरली होती."

"काहून?"

भिवाजी जवळ सरकला. मग म्हणाला, "भगताकडून आणला. म्हणे, मशीनले रोज त्या बाईचा हात लागते. बाधा नको."

मला आधी हसू आलं. मग अर्थ लागला. सहा महिने ज्या मशीनला मी पोटच्या पोरासारखं जपलं, तिला माझ्यापासून वाचवायला हा पत्रा होता. मला त्या माणसाची किळस आली.

बोर्ड बसवला, कार्डं घातली, बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. पत्रा उचलून मी सरळ गुणवंतरावांच्या टेबलापाशी गेले. तिगावचे दोन शेतकरी तिथं बसले होते.

"साहेब, हे बोर्डाखाली होतं. यानंच बंद होती मशीन."

माणूस ओशाळेल असं मला वाटलं होतं. ते माझ्या बोटांकडे पाहत होते.

"तुम्ही हात लावला याले?"

"काढल्याबिगर चालूच होत नव्हती."

"होतं तिथं ठेवा."

"परत बंद पडन, साहेब."

"मंग पडणार नाही असं ठेवा. कोर्स केला ना तुम्ही?" त्यांनी ड्रॉवरमधून मला कायम करायची ऑर्डर काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पेन आडवा ठेवला.

त्या कागदाकडे मी एकदा पाहिलं. मग जागेवर गेले. पत्र्याला काळ्या टेपचे चार वेढे दिले. झाकणाच्या आतल्या बाजूला, कशाला टेकणार नाही असा तो चिकटवला. माझ्याच हातांनी. चार स्क्रू घट्ट पिळले. मशीन चालू झाली, यादी छापली आणि पाच वाजता सही झाली.

बाबांनी ऑर्डर दोनदा वाचली, अक्षराला अक्षर लावून. जन्मभर दुसऱ्याच्या बगीच्यात संत्री तोडणारा माझा बाप, सुखदेव. छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून त्यानं जाम नदीत सोडले होते आणि त्यानंतर कधी कोणाच्या दोऱ्या-गंड्याला घरात येऊ दिलं नव्हतं. तो साखरेची पुडी घेऊन वाटायला निघाला.

"कम्प्युटर बंद पडला होता, माह्या पोरीनं चालू केला," असं सांगायचं ठरवून तो उंबऱ्यात थबकला. "काय बिघडलं होतं बाई त्यात? कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

"एक तार सैल झाली होती, बाबा," मी म्हणाले.

त्यानं ते मोहल्ल्यात घरोघरी सांगितलं.