गाडी कुणी दुरुस्त केली

इंजिन उघडायला वडिलांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून गॅरेजमधल्या सगळ्या गाड्या तीच दुरुस्त करायची, पण गिऱ्हाइकापुढे धाकट्या भावाला उभं केलं जायचं.

एकदा एका गिऱ्हाइकाने भावाची पाठ थोपटली. तो ओशाळून म्हणाला, "मी नाही हो, ताईने केलंय."

"चेष्टेखोर आहे जरा," वडील घाईघाईने हसले.

गाडी गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, असं का म्हणालात?"

"लोकांना पटत नाही गं."

"आणि तुम्हाला?"

वडील अवजारं पुसत राहिले.

महिन्याभरात तिने दुसऱ्या गॅरेजात नोकरी धरली. तिथल्या मालकाने तिला फोन घ्यायला बसवलं. भाऊ रोज तिथेच फोन करायचा, कुठला नट आधी सोडवायचा ते विचारायला. ती हळू आवाजात सांगायची.