शिट्टीबाईंची पाठ

“पाठ नाही देणार,” शिट्टीबाई म्हणाल्या. “दुसरीकडचं काय हवं ते घ्या. पाठ सोडून.”

समोर बसलेल्या सर्जनबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. कर्करोगात काढून टाकलेले स्तन पुन्हा घडवणं, एवढ्या एकाच कामासाठी हा दवाखाना नावाजलेला होता. इथं येणाऱ्या बायका डॉक्टर सांगतील त्याला मान डोलवत असाव्यात. घासाघीस करणारी बाई पाहून सर्जनबाई जरा चकितच झाल्या.

“अहो, पोटावरची चरबी घेऊन स्तन करणं सगळ्यात सोयीचं. पण तुमच्या पोटावर चिमटीत धरायलासुद्धा काही नाही. सिलिकॉन घालावं, तर किरणांनी छातीची कातडी आवळून गेली आहे, ती धरेल याची खात्री नाही. उरली पाठ. पाठीचा हा रुंद स्नायू फिरवून पुढे आणायचा. शेकडो जणींचं केलंय मी असं.”

“त्यात पोहायला शिकवणाऱ्या किती होत्या?”

सर्जनबाईंनी आठवून पाहिलं. बाई प्रामाणिक होत्या. “एकही नाही,” त्या म्हणाल्या.

“मग बघाच.” शिट्टीबाई उठल्या, चपला काढल्या आणि तपासणीच्या टेबलावर पालथ्या पडल्या. “हात ठेवा इथं. काखेच्या खाली. दाबून ठेवा, मी मोडत नाही.”

सर्जनबाईंनी तळवा ठेवला. शिट्टीबाईंनी डावा हात पुढे लांबवला आणि हवेतलं पाणी कंबरेपर्यंत ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा. तळव्याखाली तो स्नायू घट्ट व्हायचा आणि सैल पडायचा.

“हाच ना तो तुमचा रुंद स्नायू?”

“हाच.”

“मी याच्यावरच जगते. गेल्या वर्षी काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हा हा हात डोक्यावर न्यायला मला चार महिने लागले. केस विंचरता येत नव्हते. आता कुठे वठणीवर आलाय. आता त्याला ओढणारा घोडाच काढून घेता होय?”

सर्जनबाई हसल्या. मग शिट्टीबाईंच्या मांडीचं आतलं अंग चिमटीत धरून बघत म्हणाल्या, “मांडी आहे. मांडीच्या आतल्या अंगाला एक लांबट स्नायू असतो. तो चरबी-कातडीसकट काढायचा, छातीवर बसवायचा आणि त्याच्या बारीक शिरा सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या शिरांना शिवायच्या. आठ तासांचं काम. शंभरात तीन-चार जणींच्या शिरा बंद पडतात. मग सगळी मेहनत पाण्यात.”

“पाण्यात गेलेलं मला चालतं,” शिट्टीबाई म्हणाल्या. “तो मांडीचा स्नायू काय काम करतो?”

“मांड्या एकमेकींजवळ आणतो.”

“म्हणजे माझी बेडूक-लाथ जाणार.”

“जाणार नाही. थोडी कमी पडेल. बाकीचे स्नायू सांभाळून घेतात.”

शिट्टीबाईंनी टेबलाच्या कडेला बसून पाय हलवून बघितले. बेडकासारखे बाहेर, मग आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

“बेडूक देते,” त्या म्हणाल्या.

गावाच्या सार्वजनिक तलावावर त्या सत्तावीस वर्षं पोहायला शिकवत होत्या. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून पोरांनी शिट्टीबाई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे पोरांच्या आईबापांनीही तेच उचललं. अंगानं शिडशिडीत, आवाज मात्र पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाईल असा. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. “पाण्यात पडलं की माणूस बुडतो,” त्या म्हणायच्या. “पोहायला शिकावं लागतं.”

गाठ त्यांना तलावावरच सापडली होती, कपडे बदलायच्या खोलीत, अंग पुसताना. नंतरचं सगळं भराभर झालं. दुसऱ्या एका दवाखान्यात डावा स्तन काढला, मग औषधं झाली, किरणं झाली. तिथले डॉक्टर भले होते, पण ‘आता पुढे काय’ असं विचारलं की म्हणायचे, “जीव वाचला ना? मग झालं तर.” जीव वाचला होता, यात शंका नव्हती. शिट्टीबाई कृतघ्न नव्हत्या. पण जीव वाचला म्हणून बाकी काही मागायचंच नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

त्या कामावर परतल्या, त्या पोहण्याच्या पोशाखात डाव्या बाजूला पॅड सरकवून. दीड महिना निभावलं. मग एका सकाळी लहान मुलींच्या वर्गात त्यांनी सूर मारून दाखवला, वर आल्या, आणि आठ वर्षांची एक चिमुरडी पाणी कापत त्यांच्याकडे आली. तिच्या हातात ते पॅड होतं.

“बाई, तुमचा स्पंज!”

काठावर बसलेल्या आया एकदम छताकडे बघायला लागल्या. शिट्टीबाईंनी पॅड घेतलं, पोरीला “शाब्बास, पाय छान मारलेस” म्हणाल्या आणि वर्ग पुरा केला. पूर्ण पाऊण तास, एका बाजूनं सपाट. नजर चुकवून नाही, नेहमीसारखी नजरेला नजर देऊन. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात नळ सोडून त्या बराच वेळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी या दवाखान्याची वेळ घेतली.

आता घरच्यांना सांगायचं होतं. घर म्हणजे नवरा आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वन्सं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. माणूस गरीब गाय. वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शाळा सुटली होती, मुख्याध्यापिका सुटली नव्हती.

“आठ तास?” वन्संनी चहाचा कप खाली ठेवला. “अगं, पन्नाशी आली. मुलगी नोकरीला लागली. आता कुणाला दाखवायचंय?”

“कुणालाच नाही, वन्सं. नुसतं दाखवायचं असतं तर पॅड होतंच की.”

“मग हवंय कशाला? एक दुखणं सरलं तर दुसरं विकत घ्यायचं! आ बैल, मुझे मार.”

शिट्टीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला होता. दुकानात गिऱ्हाइकानं असं केलं तर ते रागावत.

“मी तर पहिल्या दिवसापासून सांगतोय,” ते म्हणाले, “मला त्यानं काही फरक पडत नाही गं.”

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शिट्टीबाईंना भरून आलं होतं. पाचव्यांदा ते टोचलं होतं. आज किती वेळा झालं, देव जाणे.

“तुम्हाला पडत नाही, हे वर्षभर ऐकतेय मी,” त्या म्हणाल्या. तलावावरचा आवाज घरात निघाला. “मला पडतो! स्तन माझा गेलाय. या घरात त्याला सगळे ‘ते’ म्हणतात. ‘ते’ काढलं, ‘ते’ बरं झालं. त्याला नाव आहे.”

वन्संनी कप उचलला आणि तो रिकामा आहे हे विसरून एक घोट घेतला. मग “गॅसवर काहीतरी आहे माझं” असं पुटपुटत त्या वर निघून गेल्या.

नवऱ्यानं पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. काचेकडे बघतच ते म्हणाले, “गेल्या वेळी साडेतीन तास मी ऑपरेशनच्या दाराबाहेर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता असावा तशी काहीतरी सूचना होती. ती मी इतक्यांदा वाचली, पण आज विचारशील तर त्यात काय होतं ते सांगता येणार नाही. फरक पडत नाही म्हणजे... तू पुन्हा त्या दारातून आत जाऊ नयेस, एवढंच म्हणायचं असायचं मला.”

“मग तसं म्हणायचं होतं.”

“आता म्हटलं.”

“मी जाणार आहे.”

“ते माहीत आहे,” ते म्हणाले. “दुकान आठवडाभर बंद ठेवतो.”

शस्त्रक्रियेच्या सकाळी सर्जनबाईंनी जांभळ्या पेननं मांडीवर आणि छातीवर रेघा काढल्या. शिट्टीबाई सरळ उभ्या राहून खाली बघत होत्या. “शिंपी बरे तुमच्यापेक्षा,” त्या म्हणाल्या, “निदान एकदा बेतून झालं की पुन्हा पुसत नाहीत.” सर्जनबाईंनी तिसऱ्यांदा रेघ पुसली आणि म्हणाल्या, “शिंप्याची चूक झाली तर उसवता येतं.”

आठाचे साडेनऊ तास झाले. शुद्ध आली तेव्हा मांडीत आग होती आणि छातीवर वजन. दर तासाला परिचारिका यायची, पेनाएवढं एक यंत्र नव्या स्तनावर टेकवायची, आणि त्यातून शिरेतल्या रक्ताचा आवाज यायचा. सुर्र... सुर्र... सुर्र. “चाललीय तुमची गाडी,” ती म्हणायची. पहिला दिवस गाडी चालली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परिचारिकेनं यंत्र टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. आवाज नीट येत नव्हता. बोटानं कातडी दाबून बघितली. कातडीला जांभळट छटा आली होती. ती बाहेर गेली ती चालत, पण फार झपाझप. पाच मिनिटांत सर्जनबाई आल्या. अर्ध्या जेवणावरून उठून आल्या असाव्यात.

“रक्त परत नेणारी शीर तुंबलीय,” त्या म्हणाल्या. “आत घेऊन उघडावं लागेल. वाचेलच असं सांगत नाही. किंवा मग... हे काढून टाकते आणि जखम बंद करते. तासाभरात सुटाल. दोन्हीला तुमची संमती लागेल.”

त्यांनी शिट्टीबाईंकडे बघितलं आणि सवयीनं नवऱ्याकडेही. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलले. शिट्टीबाईंना वाटलं, आता हा माणूस ‘पुरे झालं’ म्हणणार, आणि म्हटलं तर त्याच्यावर रागावता येणार नाही.

“तिला विचारा,” ते म्हणाले.

“वेळ किती आहे?” शिट्टीबाईंनी विचारलं.

“फार नाही.”

“मग बोलत काय बसलात? चला.”

शीर मोकळी झाली. पण सगळं वाचलं नाही. खालची कड दहा दिवसांत काळी पडली आणि सर्जनबाईंना ती कापून टाकावी लागली. जे उरलं ते उजव्यापेक्षा लहान होतं आणि किंचित बाहेरच्या बाजूला कललेलं. टाके काढताना सर्जनबाई म्हणाल्या, “माझ्या मनासारखं झालं नाही. सहा महिन्यांनी थोडी चरबी भरून बघू. नाहीतर उजवा लहान करून जोडी जुळवता येईल.”

“उजव्याला हात लावायचा नाही,” शिट्टीबाई म्हणाल्या. “त्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?”

“आणि चरबी?”

“बघू. आधी मला चालू तर द्या.”

चालणं सोपं नव्हतं. मांडीचे टाके बसू देत नव्हते की उभं राहू देत नव्हते. पहिले तीन आठवडे वन्सं रोज सकाळी खाली यायच्या आणि आंघोळ घालायच्या. त्यांनी कधी विचारलं नाही, यांनी कधी बोलावलं नाही. पहिल्या दिवशी वन्सं पाणी घालताना भिंतीकडे बघत होत्या, त्यामुळे निम्मं पाणी बाहेर जात होतं.

“वन्सं, बघा की. चावत नाही.”

वन्संनी बघितलं. मुख्याध्यापिका वही तपासतात तसं, नीट, वरून खालपर्यंत.

“लहान झालाय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“पण आहे.” त्यांनी तांब्या भरला. “मी त्या दिवशी नको ते बोलले. मान वर कर, साबण लागेल डोळ्यांत.”

सातव्या महिन्यात शिट्टीबाई तलावावर हजर झाल्या. पोशाख नवा घेतला होता. आत काहीही सरकवलेलं नव्हतं. दुपारचा बायकांचा वर्ग होता. त्यांना वाटलं होतं, सगळ्यांचे डोळे वळतील. कुणाचेही वळले नाहीत. जुन्या बायकांनी “आलात का, बरं झालं” म्हटलं आणि बदलीवर आलेल्या शिक्षिकेबद्दल गाऱ्हाणी सुरू केली.

एक नवी बाई उथळ बाजूला काठाचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. पोस्टातून निवृत्त झालेली, साठीची. तीन आठवडे झाले, तिनं दांडा सोडलेला नव्हता.

शिट्टीबाई शिडीनं पाण्यात उतरल्या. पाणी पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं, डाव्या मांडीच्या व्रणावर जरा झोंबलं. कमरेला आलं. मग त्या पुढे गेल्या आणि पाणी छातीशी चढलं. उजवीकडे अंगावर शहारा आला. डावीकडे काहीच आलं नाही. त्या थांबल्या. उशिरा कळेल, असं वाटलं. सर्जनबाईंनी आधीच सांगितलं होतं की तिथं स्पर्श परत येईलच असं नाही. तेव्हा ते वाक्य इतर दहा वाक्यांबरोबर वाहून गेलं होतं. शिट्टीबाईंनी पाण्याखाली डावा तळवा त्यावर ठेवला. तळव्याला स्तन लागला. स्तनाला तळवा लागला नाही.

मग हात काढला, पुढे लांबवला आणि पाणी कंबरेपर्यंत ओढलं. पाठीनं साथ दिली. पाण्याचा दाब तळव्यापासून खांद्यापर्यंत ओळखीचा लागला. पायांनी बेडूक-लाथ मारून बघितली. डावा पाय मागे पडला, अंग किंचित वाकडं गेलं. त्यांनी ते सरळ केलं आणि पोस्टातल्या बाईंपाशी पोहोचल्या.

“सोडा आता तो दांडा.”

“नको हो, बाई. मी उद्या सोडते.”

“उद्या माझी सुट्टी आहे. द्या हात.”

बाईंनी एक हात दिला. मग, डोळे घट्ट मिटून, दुसरा. शिट्टीबाईंनी दोन्ही मनगटं पकडली आणि उलट्या पावलांनी मागे चालायला लागल्या. बाईंचे पाय तळावरून सुटले, पाण्यात धडपडले, वर आले.

“पाय मारा. सावकाश. मी धरलंय.”

“तुम्ही उभ्या आहात तिथं खोल किती आहे?” बाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

शिट्टीबाईंनी खाली बघितलं.

“माझ्या छातीपर्यंत,” त्या म्हणाल्या, आणि आणखी एक पाऊल मागे सरकल्या.