तेलाच्या दिव्याबरोबर मी विझलो

मित्रांनो, मी एका जुन्या पिकअप गाडीतला इंजिनचा दिवा आहे. खरं तर गाडीची कहाणी गाडीनेच सांगायला हवी. पण ती बिचारी आयुष्यात कधी कोणाशी खोटं बोलली नाही. मी बोललो, आणि तेही माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या बाईशी. म्हणून मीच सांगतो.

मी आहे केवढा, तर तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. कारखान्यात आम्ही हजारोंनी तयार झालो. माझे काही भाऊ रेडिओमागे गेले, काही घड्याळामागे, आणि मला स्टिअरिंगसमोरच्या काचेमागे बसवलं. माझ्यापुढे इंजिनाचं चित्र आहे. ते कोणालाच धड ओळखू येत नाही, बऱ्याच जणांना तो नळ वाटतो. असो. किल्ली फिरवली की पेटायचं, म्हणजे मी जागा आहे हे कळतं, आणि सगळं ठीक असेल तर विझायचं, एवढंच माझं काम. माझ्या शेजारी तेलाचा दिवा राहतो, म्हणजे इंजिनातल्या तेलावर लक्ष ठेवणारा. इंजिन सुरू झालं की तो लगेच विझतो. मी मात्र दोन श्वास थांबून विझतो, कारण मला बरंच काही तपासायचं असतं.

आमचा मालक सुतार. कपाटं आणि टेबलं बनवून घरोघर पोचवायचा. घरात सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. सुरुवातीला त्याचा माझ्यावर फार जीव होता. धाकट्या बहिणीला गाडी शिकवताना त्याने पहिला धडा माझाच दिला. किल्ली फिरव, पण घाई करू नको, आधी दिवे बघ, असं तो तिला रोज सांगायचा. हा इंजिनचा दिवा नुसता पेटून राहिला तर दोन-चार दिवसांत गाडी दाखवून घे. लुकलुकायला लागला तर मात्र पुढे जायचं नाही, जिथे असशील तिथे बाजूला घे. धाकटीने ते मनावर कोरून ठेवलं. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग एकदा मी पेटलो आणि दादा कामधंदा सोडून गॅरेजच्या मिस्त्रीकडे धावला. निघालं काय, तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल. मिस्त्री पोट धरून हसला. दादाचा चेहरा पडला. माझी काय चूक होती? सैल होतं म्हणून सैल म्हटलं. पण त्या दिवसापासून दादाच्या मनात माझ्याबद्दल अढी बसली.

पुढच्या वर्षी मी पेटलो ते खऱ्या दुखण्यासाठी. इंजिनचा एक सिलिंडर मिसिंग मारत होता. म्हणजे चार जण ओझं उचलत असताना एकाने मधूनच हात सोडावा, तसं. गाडी रिकामी असली तर काही जाणवायचं नाही, पण माल भरून चढ लागला की हिसके बसायचे. तेव्हा मी जीव तोडून लुकलुकलो. दादाने माझ्यावर काळी पट्टी चिकटवली. उगाच पेटतो मेला, म्हणाला. त्या पट्टीमागे मी आठ महिने पेटत राहिलो. तरी मी मनाला समजवायचो की कंटाळला असेल, कधीतरी काढेल.

त्याने पट्टी काढली, ती गाडी विकायच्या वेळी. गाडी घेणार होती धाकटी. तिने गावाबाहेर टेकडीवर रोपवाटिका काढली होती आणि रोपं पोचवायला तिला गाडी हवी होती. दादा मिस्त्रीकडे गेला. माझ्यासमोरच, मी तिथे नसल्यासारखा बोलला.

"दिवा नुसता काढून टाकू नकोस. माझी बहीण आधी दिवेच बघते. पेटून विझला पाहिजे."

मिस्त्रीने माझी वायर कापून तेलाच्या दिव्याच्या वायरीला जोडली. आता तो पेटला की मी पेटणार, तो विझला की मी विझणार. इंजिनाचं आणि माझं नातंच तुटलं. मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

धाकटी गाडी बघायला आली. शिकवल्याप्रमाणे तिने किल्ली फिरवली, थांबली, माझ्याकडे बघितलं. मी पेटलो. तिने गाडी सुरू केली, मी विझलो. ती हसली आणि म्हणाली, "दादाने गाडी अगदी जिवापाड जपलीय." दादा शेजारीच उभा होता. तो टायरकडे बघत होता.

महिन्याभरात तिला एका नव्या शाळेच्या बागेचं काम मिळालं. तिचं पहिलंच मोठं काम. दोन वर्षं वाढवलेली रोपं तिने मागे नीट रचली आणि आईला हौसेने शेजारी बसवलं. आई म्हणजे तिची आणि दादाची, दोघांचीही. चढ लागला तशी गाडी हिसके देऊ लागली. आईला काहीतरी जळल्याचा वास आला. गाडी थांबव गं, असं ती दोनदा म्हणाली. धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी अंधारात होतो.

"दिवा बंद आहे ना आई, म्हणजे ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढे चालवत राहिली.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडायची वायरच नव्हती! न जळलेलं पेट्रोल खाली सायलेन्सरमध्ये जाऊन जळत होतं, नळी लालबुंद झाली होती. शेवटी मागे रोपांखालच्या फळीतून धूर आला तेव्हा ती थांबली. आईला हात धरून खाली उतरवलं, आणि रोपांसाठी आणलेलं पाणी दोघींनी कॅन कॅन करून ओतलं. जीव वाचले. पण अर्धी रोपं होरपळून गेली.

इंजिन निवल्यावर गाडी बाजूला घ्यावी म्हणून तिने किल्ली फिरवली. आम्ही दोघं दिवे पेटलो. इंजिन सुरू झालं, आणि आम्ही दोघं एकदमच विझलो. तिचा हात तिथेच थांबला. गाडी बंद करून तिने पुन्हा सुरू केली, मग पुन्हा एकदा. मी कायम मागाहून विझायचो, हे तिला आठवत होतं. ज्याने शिकवलं, तो मात्र हे विसरला होता.

तिने गाडी ओढून दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने काच उघडून जोड दाखवला, माझी वायर मूळ जागी लावली, आणि स्कॅनर जोडून आठ महिन्यांचं माझं म्हणणं एका मिनिटात वाचून काढलं. मग तिने दादाला तिथेच बोलावून घेतलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसवलं. आई शेजारी बसली होती.

"किल्ली फिरव. दिवे बघ," ती म्हणाली.

मी पेटलो आणि इंजिन सुरू झाल्यावरही पेटूनच राहिलो. दादा पुटपुटला की त्याला ते किरकोळ वाटलं होतं.

"किरकोळ होतं, तर वायर कशाला कापलीस?" ती शांतपणे म्हणाली. "मी काय दिवा बघून गाडी घेतली होती? दिवा बघायला शिकवलं कोणी, ते बघून घेतली होती रे."

आई दार उघडून खाली उतरली आणि धाकटीजवळ जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, आता इंजिन दुरुस्त झालंय. तुमच्या घरच्या गाडीत माझा एखादा भाऊ असेलच. तो पेटला तर चिडा हवं तर, पण त्याचं ऐका. आधी टाकीचं झाकण बघा, मग गाडी दाखवून घ्या. लुकलुकला तर थांबा. वाटल्यास तोंडावर पट्टी लावा, तीही मी सोसली. पण त्याच्या तोंडून खोटं वदवू नका. रोज सकाळी धाकटी किल्ली फिरवते. मी पेटतो, तेलाचा दिवा विझल्यावर दोन श्वास थांबतो आणि अगदी खरं खरं विझतो. तरीही ती रोज खाली उतरून, वाकून, गाडीखाली एकदा बघून घेते.