पेडलवरची चमक

मी एक स्पंज. टायरला काळं पॉलिश लावायचा. खिडकीच्या कट्ट्यावर पडून असतो, कुणी उचललं तर कामाला लागतो. आजवर कधी तोंड उघडलं नाही, पण आज गप्प बसवत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी चांगला पिवळाधमक होतो. मास्तरांनी मला पहिल्यांदा पॉलिशमध्ये बुडवलं आणि बजावलं, "तू टायरचा. दुसरीकडे तोंड घालायचं नाही." गाड्या धुऊन चमकवून देणारं हे गॅरेज मास्तरांचं. काचेचं फडकं निराळं, पत्र्याचं निराळं. चुकून अदलाबदल झाली की त्यांचा पारा चढायचा.

"चमकवायला काय, कुणीही चमकवतं," ते जावयाला सांगायचे. "हात कुठे थांबवायचा ते कळलं, की समज डिटेलिंग आलं."

पेडलला ते पॉलिशचा थेंबही लागू द्यायचे नाहीत. साबणाचं पाणी, ब्रश, कोरडं फडकं, बस्स. शेवटी चप्पल काढून अनवाणी पायाने तिन्ही पेडल दाबून बघायचे. रबर खरखरीत लागलं तरच गाडी बाहेर. गिऱ्हाइकं हसायची. जावईसुद्धा गालातल्या गालात हसायचा.

परवा मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज त्यांना घरी सोडणार. जावयाने सकाळीच घरची गाडी धुवायला घेतली. माणूस वाईट नाही हो, सासऱ्यावर जीव आहे त्याचा. "मामांना नव्या डोळ्याने पहिली आपली गाडी दिसू दे," म्हणत त्याने सीटच्या फटीसुद्धा ब्रशने साफ केल्या. मग त्याची नजर पेडलवर गेली. रबर जुनं, पांढुरकं पडलेलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं.

मी अंग आखडलं. पण स्पंजाने आखडून काय होतंय? दाबलं की पाझरायचंच.

मास्तरांची मुलगी पर्स सावरत आली. तीच वडिलांना आणायला निघाली होती. दार उघडून तिने आत पाहिलं. "अय्या, ही आपलीच गाडी?"

"पेडलसुद्धा सोडलं नाही!" जावयाची छाती फुगली.

ती आत बसली. "बाबा शेवटी पाय लावून बघतात ना? तू बघितलंस?"

"अगं, तेवढ्याने काय होतंय! नीघ, ते वाट बघत असतील."

मला ओरडायचं होतं. बाई, खाली उतर, पायाखाली बघ! पण माझं कोण ऐकणार? ती गेली.

फाटकाबाहेरचा रस्ता थेट उताराला लागतो आणि खाली चौकाला मिळतो. कट्ट्यावरून मला वळणापर्यंतचा रस्ता दिसतो. पहिल्या गतिरोधकापाशी गाडीचे मागचे लाल दिवे लागले. लगेच विझले. पुन्हा लागले, पुन्हा विझले. ब्रेक दाबून धरला की ते लागूनच राहतात, इतक्या वर्षांत एवढं मलाही कळतं. तिचा पाय सटकतोय.

जावई फाटकात उभा राहून हात हलवतोय. "कशी लखलखतेय!" तो स्वतःशीच म्हणाला.

तुम्ही तरी ऐका. गाडी धुऊन आली की आधी चप्पल काढा, पेडल दाबून बघा. चमक नंतर बघा.

गाडी वळणाआड गेली. आता खालून हॉर्न ऐकू येतोय. एकच, लांबलचक, थांबतच नाहीये. जावयाचा हात वरच राहिलाय.